विंचवाचे विष आणि आपली चेतासंस्था

आपल्यापैकी बहुतेकजण नांदेड-लातूरच्या आसपासच्या खेड्यांतून येथे शिकावयास आलो आहोत. विंचवाची ओळख आपल्याला करून द्यावयास नको. माळवदाच्या घरांच्या दगडमातीच्या भिंती, कडब्याची गंजी, गोवऱ्यांचा ढीग ही त्याची नेहमीची ठिकाणे. तो चावला की मंत्र टाकून विष 'उतरविणारा' माणूसही गावोगाव सापडतो. परंतु विंचवाने माणूस नेमका कशाने दगावतो, हे सहसा कोणी विचारीत नाही. त्याचे उत्तर विषापेक्षा आपल्याच शरीराच्या कारभारात अधिक आहे.

हा कारभार दोन यंत्रणा चालवितात. पहिली चेतासंस्था, म्हणजे मेंदू, मज्जारज्जू आणि अंगभर पसरलेले चेतातंतू. तिचा निरोप तारेसारखा असतो. ठरलेल्या पत्त्यावर क्षणार्धात पोचतो. दुसरी यंत्रणा पीयूषिका, अवटू, अधिवृक्क इत्यादी अंतःस्रावी ग्रंथींची. त्या आपली संप्रेरके सरळ रक्तात सोडतात. हा निरोप दवंडीसारखा आहे. तो साऱ्या गावातून फिरतो, पण ज्याच्यासाठी असतो तोच कामाला लागतो.

या दोन यंत्रणांची गाठ अधिवृक्क ग्रंथींत पडते. दोन्ही मूत्रपिंडांच्या माथ्यावर त्या टोपीसारख्या बसलेल्या असतात. अनुकंपी चेतातंतूंचा इशारा येताच त्यांच्या गाभ्यातून ॲड्रिनॅलिन रक्तात उतरते. अंधारात पायाखाली काही वळवळले की छाती धडधडते, हातपाय गार पडतात, घाम फुटतो, तो या दोघांच्या एकत्र कामामुळे. पळण्यासाठी अथवा लढण्यासाठी शरीराने केलेली ती तयारी असते. संकट टळले की ती आपोआप ओसरते.

तांबड्या विंचवाचे विष हे ओसरणेच अडवून धरते. चेतातंतूंवर सोडियमच्या कणांसाठी अतिसूक्ष्म दारे असतात. ती उघडली की निरोप पुढे सरकतो आणि लगेच मिटली की थांबतो. विष ती दारे नीट मिटू देत नाही. मग निरोपामागून निरोप सुटत राहतात आणि अधिवृक्क ग्रंथीही ॲड्रिनॅलिन ओतीत राहतात. रक्तवाहिन्या आवळतात, रक्तदाब चढतो. पाटाचे तोंड दगडाने बुजवून मोटर चालूच ठेवली तर पाणी मागे तुंबते व फुटेल तिकडे फुटते. तसेच येथे होते. थकलेल्या हृदयामागे रक्त तुंबते आणि फुप्फुसांत पाणी झिरपते. रोगी जणू आपल्याच छातीत बुडतो.

पैठणच्या एकनाथ महाराजांनी आपल्या भारुडात विंचवाला काम-क्रोधाचे रूपक केले आहे आणि त्यात अंगाला सुटलेल्या घामाचाही उल्लेख आहे. क्रोधाने पेटलेल्या आणि विंचवाने डसलेल्या, दोघांच्याही रक्तात ॲड्रिनॅलिन वाढते, हे आजचे शरीरशास्त्र सांगते. नाथांचे निरीक्षण पाहून नवल वाटते.

या दंशावरील उपचाराची वाट एका मराठवाड्याच्या सुपुत्राने दाखविली, ही आपल्याला अभिमानाची गोष्ट आहे. डॉ. हिंमतराव बावस्कर हे जालना जिल्ह्यातील देहेड या गावच्या गरीब शेतकरी कुटुंबातले. नागपूरला वैद्यकीय शिक्षण घेऊन १९७६ साली ते रायगड जिल्ह्यातील महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. विंचूदंशाचे रोगी डोळ्यांदेखत दगावत होते. त्यांनी रोग्यांच्या उशाशी बसून लक्षणांची बारकाईने नोंद ठेवली. हृदयावरील परिणामांविषयीचा त्यांचा लेख १९८२ मध्ये लंडनच्या 'लॅन्सेट'मध्ये आला. पुढे रक्तदाबावरील प्राझोसिन या साध्या गोळीचा त्यांनी उपयोग केला व १९८६ मध्ये त्याच नियतकालिकात तो जगापुढे मांडला. ही गोळी विषाला हात लावीत नाही. आवळलेल्या रक्तवाहिन्या ती सैल करते. म्हणजे पाटाच्या तोंडावरचा दगड काढते. पूर्वी गंभीर रोग्यांपैकी शेकडा तीसच्या आसपास दगावत. या उपचाराने ते प्रमाण शेकडा एकच्या घरात आले. प्रतिविषाची जोड दिल्यास रोगी अधिक लवकर बरा होतो, हेही त्यांनी व डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी २०११ मध्ये दाखवून दिले. २०२२ मध्ये डॉ. हिंमतराव बावस्करांना पद्मश्री मिळाली.

मग मंत्राने माणसे बरी होतात ती कशी? बहुतेक दंशांत नुसती वेदना होते आणि ती काही तासांत, फार तर एका दिवसात आपोआप उतरते. श्रेय मात्र मांत्रिकाला मिळते. आकाराने मोठा काळा विंचू पाहून आपण घाबरतो, पण जिवावर बेततो तो लहानसा तांबडा. शिवाय दुखणे कमी आहे म्हणून निर्धास्त राहू नये. उलट्या, दरदरून घाम, गार पडलेले हातपाय ही खरी धोक्याची खूण होय. विशेषतः लहान मुलांच्या बाबतीत मंत्रात घालविलेला एक तासही महाग पडतो. गोळीही मनाने देऊ नये. तिने रक्तदाब उतरतो, म्हणून रोग्याला निजवून, डॉक्टरांच्या नजरेखालीच ती द्यावी लागते.

राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात आपण गावचे रस्ते झाडतो, झाडे लावतो. एखाद्या संध्याकाळी पारावर बसून एवढी माहिती सांगितली तर काय हरकत आहे? आपल्या घरातून कॉलेजात आलेले आपण पहिलेच असू, तर ही गोष्ट घरी नेण्याचे कामही आपल्यालाच करावे लागेल.

— बी. ए. द्वितीय वर्ष