शाळेच्या दारातली सकाळ

मुलगी शाळेतून येऊन म्हणाली, ‘अम्मी, आमच्या शाळेत हे चुकीचं चाललंय,’ तर आपण काय म्हणतो? बहुतेक घरांत उत्तर ठरलेलं असतं : ‘तू अभ्यास कर, नसत्या भानगडीत पडू नकोस.’ त्यामागे भीती असते आणि ती खोटीही नसते. तरीही अमेरिकेतल्या काही मुलांची ही हकिकत घरात सर्वांनी मिळून वाचावी, असं आम्हाला वाटतं.

पेनसिल्व्हेनिया राज्यात यॉर्क शहराला लागून सेंट्रल यॉर्क हा शाळांचा विभाग आहे. वस्ती उपनगरी, बहुसंख्य गोरी. मे 2020 मध्ये जॉर्ज फ्लॉइड यांचा पोलिसाच्या हातून मृत्यू झाला. त्यानंतर इथल्या एका समितीने वंशभेद समजून घ्यायला उपयोगी अशा पुस्तकांची आणि माहितीपटांची यादी शिक्षकांसाठी केली. काही पालकांनी हरकत घेतली. शाळा-मंडळाचे सगळे सदस्य गोरे होते. त्यांनी ‘आधी तपासून पाहू’ म्हणत ती यादी वर्षअखेरीस रोखून धरली. तिच्यात रोझा पार्क्स आणि मार्टिन ल्यूथर किंग यांच्यावरची मुलांची पुस्तकं होती, मलाला युसुफझाईचंही होतं.

तपासणी काही संपेना. 2021 मध्ये नवं वर्ष सुरू होताना शिक्षकांना पुन्हा बजावण्यात आलं, ही साधनं वापरू नका. तेव्हा हायस्कूलमधल्या ‘पँथर अँटी-रेसिस्ट युनियन’ या विद्यार्थी-गटाने ठरवलं, आता गप्प बसायचं नाही. त्यात कृष्णवर्णीय मुलं होती, भारतीय वंशाची एक मुलगी होती आणि साथ देणारे गोरे वर्गमित्रही होते. शाळा भरण्याआधी ही मुलं रोज सकाळी फलक घेऊन दारात उभी राहत. मग वर्गात जाऊन बसत. काही मंडळाच्या बैठकीतही बोलली. 20 सप्टेंबर 2021 रोजी मंडळाने एकमताने बंदी मागे घेतली. जवळजवळ वर्षभर अडलेली यादी काही आठवड्यांत सुटली.

त्यानंतरही तिथले पुस्तकांचे वाद मिटले नाहीत. पण त्या मुलांना एक गोष्ट कळली : आपल्यासारख्या माणसांची गोष्ट कपाटात बंद झाली, तर ती मागायचा हक आपल्याला आहे.

आपल्या मुलांना आपण अदब शिकवतो, ती हवीच. पण अदब म्हणजे मुकाट राहणं नव्हे. उद्या मुलगी काही सांगू लागली, तर आधी तिचं पूर्ण ऐकून घेऊ. मग विचारू, ‘तुझ्याबरोबर आणखी कोण आहे? बाईंशी बोललीस का?’ वाटलं तर तिच्याबरोबर शाळेत जाऊ. भीती आपली आहे. ती तिच्या पाठीवर लादायला नको.