ऊसतोड मजुरांच्या मुलांना शिक्षणाचा हक्क आहे, मग ती अर्धं वर्ष शाळेबाहेर का?

दसरा-दिवाळी झाली की बीड, अहिल्यानगर, जालना, परभणी जिल्ह्यांतल्या गावांतून ट्रक आणि ट्रॅक्टर भरून निघतात. ऊसतोड मजूर पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात साखर कारखान्यांवर जातात. परततात ते थेट मार्च-एप्रिलमध्ये. सोबत मुलंही असतात आणि शाळेचं जवळपास पूर्ण दुसरं सत्र याच काळात बुडतं.

पण शिक्षण हा तर मुलांचा मूलभूत हक्क आहे ना? आहे. मग अडतंय कुठे?

कायदा काय सांगतो?

२००२ मध्ये ८६वी घटनादुरुस्ती झाली आणि राज्यघटनेत कलम २१-अ आलं. त्यानुसार २००९ मध्ये शिक्षण हक्क कायदा, म्हणजेच आरटीई, मंजूर झाला. १ एप्रिल २०१० पासून तो लागू आहे. ६ ते १४ वयोगटातल्या प्रत्येक मुलाला मोफत आणि सक्तीचं शिक्षण, हा त्याचा गाभा.

आरटीई म्हटलं की आपल्याला खासगी शाळांतल्या २५ टक्के जागा आणि लॉटरी आठवते. पण स्थलांतर करणाऱ्या मुलांसाठीही या कायद्यात बरंच काही आहे:

- कलम ५: मूल एका शाळेतून दुसऱ्या सरकारी किंवा अनुदानित शाळेत जाऊ शकतं. दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही.
- कलम ९: स्थलांतरित कुटुंबांतल्या मुलांना प्रवेश मिळवून देणं ही स्थानिक प्राधिकरणाची, म्हणजे जिल्हा परिषद, महापालिका यांसारख्या संस्थांची जबाबदारी आहे.
- कलम १४: वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही.
- कलम १५: प्रवेशाची मुदत संपली तरी मुलाला परत पाठवता येत नाही.

थोडक्यात, हक्क गावाला नाही, मुलाला दिलेला आहे. मूल जिथे जाईल तिथे तो त्याच्यासोबत जातो.

मग प्रत्यक्षात काय होतं?

शाळा एका जागी असते, ऊसतोडीचा फड मात्र हलत राहतो. महाराष्ट्राच्या नियमांनुसार पहिली ते पाचवीसाठी १ किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीसाठी ३ किलोमीटरच्या आत शाळा हवी. पण हे अंतर वस्तीपासून मोजतात आणि मजुरांच्या कोप्या अनेकदा गावाबाहेर असतात.

दुसरी अडचण कामाची. नवरा-बायकोच्या जोडीला इथे ‘कोयता’ म्हणतात. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडायची म्हणून दोघंही पहाटेच फडात जातात. मग धाकट्या भावंडाला सांभाळायचं कुणी? बहुतेक वेळा थोरल्या मुलीने. कर्नाटकात गेलेल्या मुलांपुढे तर जवळची शाळा कन्नड माध्यमाची असण्याचीही अडचण असते.

तिसरी अडचण कागदाची. मुलाचं नाव गावच्या शाळेच्या हजेरीपटावर तसंच राहतं. जिथे ते प्रत्यक्ष राहतं, तिथल्या शाळेला ते आल्याचा पत्ताच नसतो. कागदावर मूल शाळेत असतं आणि प्रत्यक्षात फडात.

उपाय झालेच नाहीत का?

झाले. कारखान्याच्या तळावर हंगामापुरत्या साखरशाळा भरल्या. मूल गावातच राहावं म्हणून हंगामी वसतिगृहं आली. एका शाळेतून दुसरीकडे जाताना शिक्षण तुटू नये म्हणून शिक्षण हमी कार्ड आलं. २०२१ मध्ये राज्य सरकारने ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना आणली.

पण यातली बरीच मदत वेळेवर अवलंबून आहे. वसतिगृह गाड्या निघण्याआधी सुरू व्हायला हवं. नाहीतर आई-वडील मुलाला कुणाच्या भरवशावर मागे ठेवणार? आणि कार्ड दिलं, तरी पुढच्या शाळेने ते बघून मुलाला वर्गात बसवलं तरच त्याचा उपयोग.

तक्रार केली तर? कलम ३२ नुसार स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार करता येते, पुढे राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील करता येतं. पण तक्रारीच्या निकालासाठी कायद्याने ३ महिने दिलेत. ३ महिने म्हणजे अर्धा हंगाम!

तुम्ही काय करू शकता?

तुमच्या गावाजवळ कोप्या पडल्या असतील आणि शाळेच्या वेळेत तिथे मुलं दिसत असतील, तर जवळच्या जिल्हा परिषद शाळेच्या मुख्याध्यापकांना किंवा पंचायत समितीतल्या गटशिक्षणाधिकाऱ्यांना कळवा. आई-वडिलांनाही सांगा की दाखला, जन्माचा पुरावा किंवा संपलेली मुदत, यातलं कुठलंही कारण कायद्यात चालत नाही.

अनेक पालकांना हे माहीतच नसतं. ‘दाखला घेऊन या’ म्हटलं की ते मुलाचा हात धरून परत फिरतात. त्यांनी तिथून परत फिरू नये, यासाठीच हा कायदा आहे.