गोळीने गप्प केलेलं दुखणं

डिमेन्शिया झालेल्या वृद्धांना अनेकदा दिवस मावळू लागला की चैन पडत नाही. 'मला घरी जायचंय' म्हणत ते दार ठोठावतात, कपडे बदलायला आलेल्या मावशींचा हात झटकतात, रात्रभर येरझाऱ्या घालतात. वृद्धाश्रमात अशा वेळी रिस्पेरिडोन, हॅलोपेरिडॉल किंवा क्वेटियापिन सुरू होतं. ही औषधं मुळात स्किझोफ्रेनियासारख्या आजारांसाठीची. त्यांनी माणूस गप्प होतो, पण तो कशाने बिथरला होता याचा शोधही तिथेच थांबतो. दाढ ठणकतेय, पोट साफ झालेलं नाही, लघवीला जळजळतंय, खोलीत कुणीतरी परकं शिरलंय असं वाटतंय, यातलं काहीच ज्याला शब्दांत सांगता येत नाही, त्याचा आरडाओरडा हेच त्याचं सांगणं असतं. म्हणून औषधाची चिठ्ठी लिहिण्याआधी दुखण्याचा शोध घेतला पाहिजे, असं माझं ठाम मत आहे.

हा आग्रह नुसत्या कळवळ्यापोटी नाही. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००५ मध्ये १७ चाचण्या एकत्र तपासल्या. साधारण दहा आठवड्यांत यातली नव्या पिढीची औषधं घेणाऱ्या डिमेन्शियाच्या रुग्णांपैकी सुमारे ४.५ टक्के दगावले, नुसती दिखाऊ गोळी घेणाऱ्यांपैकी २.६ टक्के. कारणं बहुतांशी हृदयविकाराची किंवा न्यूमोनियासारख्या संसर्गाची होती. ब्रिटनमध्ये प्राध्यापक सुबे बॅनर्जी यांनी २००९ मध्ये सरकारला दिलेल्या अहवालाचा हिशेब आणखी अस्वस्थ करणारा आहे: तेव्हा वर्षाला १,८०,००० डिमेन्शियाग्रस्तांना ही औषधं मिळत होती, थोडाफार फायदा होत होता ३६,००० जणांना, आणि सुमारे १,८०० मृत्यू जास्तीचे होत होते.

मग दुसरा उपाय काय? नॉर्वेतल्या, २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात शुश्रूषागृहांतल्या ३५२ वृद्धांपैकी निम्म्या गटाला आठ आठवडे पायरीपायरीने वेदनाशामक दिलं गेलं. बहुतेकांना साधं पॅरासिटामॉल पुरलं आणि त्या गटाची अस्वस्थता सरासरी १७ टक्क्यांनी उतरली. अंगदुखीची गोळी मिळाल्यावर जो शांत झाला, त्याला मनोविकाराचं औषध कशासाठी द्यायचं होतं? ब्रिटनमधल्या ६९ शुश्रूषा केंद्रांत कर्मचाऱ्यांना प्रत्येक वृद्धाच्या आवडीनिवडी ओळखायला शिकवलं आणि आठवड्यातून तासभर त्याच्याशी गप्पा, गाणी, काहीतरी करणं ठरवून दिलं. तिथेही चिडचिड कमी झाली, जगणं सुधारलं.

यावर केंद्रचालक म्हणतील की, रात्रपाळीला दोन मावशी आणि वीस वृद्ध असताना गप्पा कोण मारणार? अडचण खरी आहे. पण मनुष्यबळाची उणीव वृद्धाला औषध देऊन भरून काढायची, हे मान्य करता येणार नाही. ती फीमध्ये, पगारात, नेमणुकांत भरून काढायला हवी. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. काहींना खरोखरच भीषण भास होतात, ते स्वतःला किंवा इतरांना इजा करतात. त्यांना औषध द्यावंच लागतं, फक्त कमीत कमी मात्रेत. ब्रिटिश मार्गदर्शक सूचना तर दर सहा आठवड्यांनी फेरतपासणी सांगतात. औषधं किती कमी झाली याच्या नुसत्या आकड्यांवर बोट ठेवूनही भागत नाही. अमेरिकेत २०१२ पासूनच्या मोहिमेने या औषधांचं प्रमाण घटवलं. पण स्किझोफ्रेनियाचे रुग्ण त्या मोजणीतून वगळले जात असल्यामुळे काही केंद्रांनी वृद्धांच्या कागदोपत्री तेच निदान लिहून टाकलं. काही ठिकाणी फिट्सवरची औषधं वाढली. गुंगी तीच राहिली, गोळीचं नाव तेवढं बदललं.

म्हणून घरच्यांनी डोळसपणे विचारायला हवं. पुण्या-मुंबईत आईवडिलांना केंद्रात ठेवलेल्या मुलामुलींनी 'आई आता शांत आहे' एवढ्यावर हायसं न वाटून घेता औषधांची यादी मागावी. कोणती गोळी कशासाठी, कधीपासून आणि कधीपर्यंत, हे डॉक्टरांकडून समजून घ्यावं. आपल्या मनाने मात्र गोळी एकाएकी बंद करू नये. ती हळूहळू उतरवायची असते, आणि ते काम डॉक्टरांचंच.