चौसष्टच्या आत

गणपती बसले त्या शनिवारी, म्हणजे 7 सप्टेंबर 2024 ला, फ्रान्समधल्या मोंपाझिए गावी निदा अंजुम चेलाटने पेत्रा देल रे या घोडीवरून 160 किलोमीटर कापले. वेळ दहा तास तेवीस मिनिटं. एन्ड्युरन्स घोडेस्वारीच्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत वरिष्ठ गटाची शर्यत पूर्ण करणारी ती पहिली भारतीय. मलप्पुरम जिल्ह्यातल्या तिरूरच्या या मुलीने आदल्या वर्षी कनिष्ठ व युवा गटाची 120 किलोमीटरची शर्यत फ्रान्समध्येच पुरी केली होती, त्यामुळे नाव अगदीच अनोळखी नव्हतं. तिरंगा, अभिनंदन, फोटो सगळं रीतसर झालं. माझं कुतूहल मात्र या खेळातल्या दुसऱ्याच माणसाबद्दल आहे. त्याच्या गळ्यात स्टेथोस्कोप असतो आणि त्याचा फोटो कुणी छापत नाही.

महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर इंडियन डर्बी 2400 मीटरची. अडीच मिनिटांत आटोपते, आणि पहिलं नाक कुणाचं एवढाच प्रश्न उरतो. एन्ड्युरन्समध्ये शर्यतीचे पाच-सहा टप्पे असतात, प्रत्येक टप्प्यानंतर पशुवैद्यकांचं फाटक असतं आणि प्रत्येक फाटकावर घोडा बाद होऊ शकतो. आदल्या दिवशीच्या तपासणीत लंगडताना दिसला तर शनिवारची पहाट उजाडण्याआधीच गाशा गुंडाळायचा.

फाटकावर काय होतं ते पाहण्यासारखं असतं. स्वार उतरतो, मदतनीस तंग सैल करून खोगीर काढतात आणि मानेवर, छातीवर, मांड्यांच्या आतल्या बाजूला पाण्याचा मारा सुरू होतो. घड्याळ थांबलेलं नसतं. नाडी मिनिटाला 64 किंवा त्याखाली उतरली की घोडा डॉक्टरांपुढे न्यायचा. मुदत पंधरा मिनिटांची. नेला आणि 66 भरली, तर माघारी या, पुन्हा पाणी ओता, आणखी एकच संधी. म्हणून मिनिटभर आधी पोचलेला, पण घोडा तापवून आणलेला स्वार इथे हमखास मागे पडतो. शेवटच्या टप्प्यात घड्याळ अंतिम रेषेवर थांबतं खरं, पण वीस मिनिटांत नाडी उतरली नाही किंवा घोडा लंगडला, तर पहिला आलेलाही यादीतून जातो.

नाडीनंतर डॉक्टर हिरडी अंगठ्याने दाबतात आणि पांढरी पडलेली जागा पुन्हा गुलाबी व्हायला किती वेळ लागतो ते बघतात. खांद्याजवळची कातडी चिमटीत धरून सोडतात. ती लगेच सपाट झाली नाही तर अंगातलं पाणी कमी झालंय. कुशीला चार ठिकाणी स्टेथोस्कोप लावून आतड्यांची गुरगुर ऐकतात. पोट गप्प असलं तर ते काळजीचं लक्षण. पाठ लागली आहे का, तंगाखाली सोललंय का, तेही हात फिरवून बघतात. मग लगाम सैल धरून दुडक्या चालीने पळवत न्यायचं आणि आणायचं.

या दुडक्या चालीतून अमेरिकन पशुवैद्य केरी रिजवे यांनी एक साधी चाचणी काढली. नाडी मोजा. घोड्याला सव्वाशे फूट पळवत न्या, तेवढंच परत आणा. पळायला सुरुवात केल्यापासून बरोबर एका मिनिटाने पुन्हा नाडी मोजा. दुसरा आकडा पहिल्याएवढाच किंवा कमी आला तर घोडा ताजा आहे. चार-पाच ठोके जास्त आले, तर कुठेतरी दुखतंय किंवा दम संपत आलाय. वरवर ठीक दिसणाऱ्या, कान टवकारून उभ्या असलेल्या घोड्याचंही पितळ अडीचशे फुटांत उघडं पडतं. ना यंत्र, ना रक्ततपासणी; घड्याळ आणि कान पुरे. मला तरी या खेळातलं सगळ्यात देखणं दृश्य हेच वाटतं.

एवढी खबरदारी कशाला, असं वाटेल. घोड्याचा घाम माणसाच्या घामासारखा नसतो. माणसाच्या घामात पाणी जास्त, मीठ कमी. त्यामुळे रक्त खारट होतं आणि आपल्याला तहान लागते. घोड्याच्या घामात मीठ रक्ताइतकं किंवा त्याहूनही जास्त. उन्हात तासाला दहा-पंधरा लिटर घाम गेला, तरी रक्तातल्या मिठाचं प्रमाण वाढत नाही, मेंदूला तहानेचा निरोप जात नाही, आणि कोरडा पडत चाललेला घोडा बादलीला तोंड लावत नाही. त्यातच कॅल्शियम घटलं तर हृदयाच्या ठोक्याबरोबर कूस उडायला लागते. ते दिसलं की शर्यत तिथेच संपली. स्वाराचा उत्साह, मालकाचा पैसा, देशाचा झेंडा यांपैकी कशालाच हे कळत नाही, म्हणून तिऱ्हाईत माणूस लागतो.

असा माणूस नसला की काय होतं ते 1892 मध्ये दिसलं होतं. बर्लिन आणि व्हिएन्ना यांच्यामध्ये जर्मन आणि ऑस्ट्रियन लष्करी अधिकाऱ्यांची सुमारे 580 किलोमीटरची शर्यत लागली. जिंकणाऱ्याने 71 तासांच्या आसपास अंतर कापलं. त्याचा घोडा मेला, आणि इतरही कित्येक मेले.

आजचा खेळ घडला तो कॅलिफोर्नियात. ऑबर्न गावच्या वेंडेल रोबी यांनी 1955 मध्ये सिएरा नेवाडाच्या डोंगरातून शंभर मैल एका दिवसात काटून दाखवले, आणि तीच वाट पुढे टेविस कप झाली. चोवीस तासांत पोचा आणि घोडा धडधाकट दाखवा, की चांदीचं बक्कल मिळतं. मग तुम्ही पहिले असा नाहीतर शेवटचे. साधारण निम्मेच घोडे पोचतात. पहिल्या दहांतल्या सर्वांत सुस्थितीतल्या घोड्याला 1964 पासून वेगळा हॅगिन कप आहे, आणि जाणकारांत त्याचा मान मोठा. 1974 मध्ये गॉर्डी एन्सली नावाचा स्वार घोड्याशिवायच या वाटेवर धावला आणि चोवीस तासांच्या आत पोचला. आपल्याकडे अल्ट्रामॅरेथॉनचं वेड लागलेल्या मंडळींनी या घोडेवाल्यांचे आभार मानायला हरकत नाही. शंभर मैलांची डोंगरी धाव इथूनच सुरू झाली.

मग खेळ वाळवंटात गेला. सपाट वाटा, आखाती राजघराण्यांचा पैसा, गाडीतून शेजारी धावणारे मदतनीस. वेग वाढला तशी मोडलेल्या पायांची छायाचित्रं बाहेर यायला लागली, आणि 2015 च्या मार्चमध्ये आंतरराष्ट्रीय घोडेस्वारी महासंघाने संयुक्त अरब अमिरातीच्या संघटनेला निलंबित केलं. जुलैत निलंबन उठलं. एवढ्या चार महिन्यांत काय सुधारलं असेल, याचा अंदाज वाचकांनी बांधावा. अबुधाबीजवळच्या बुतीबमध्ये तासाला वीस किलोमीटरची वेगमर्यादा लावून वेगळा मार्गही दाखवला गेला, हेही सांगायला हवं. 2018 मध्ये अमेरिकेतल्या ट्रायन इथे जागतिक स्पर्धा उकाड्यामुळे अर्ध्यावर रद्द करावी लागली. पन्नासहून अधिक घोड्यांवर उपचार करावे लागले, एक दगावला.

निदाचा वेग या हिशेबात तासाला साडेपंधरा किलोमीटरच्या आत बसतो, आणि मला तो विक्रमापेक्षा मोलाचा वाटतो.

आपल्याकडे लांब पल्ला नवा नाही. भीमेच्या खोऱ्यातली भीमथडी तट्टं थोड्या चाऱ्यावर मजलच्या मजल मारायची, त्यांच्याच पाठीवर मराठी फौजा फिरल्या. आज ती धनगरांच्या वाड्यांबरोबर बिऱ्हाड वाहतात. बैलगाडा शर्यतींना मे 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वाट मोकळी केली, तीही बैलांच्या तपासणीसह काही अटींवर. पण ही तपासणी धावपट्टीच्या सुरुवातीच्या टोकाला. धाव संपल्यावर बैलाची नाडी किती मिनिटांत उतरली हे विचारून त्यावर नंबर ठरवायचं आयोजकांनी मनावर घेतलं, तर घाटावरच्या निम्म्या यात्रांचे निकाल बदलतील. मोटारसायकलचं बक्षीस लावणाऱ्यांना स्टेथोस्कोपचा खर्च जड नाही.

मोंपाझिएनंतरची वरिष्ठांची जागतिक स्पर्धा 2026 मध्ये सौदी अरेबियातल्या अल उला इथे, म्हणजे पुन्हा वाळूवर. त्या निकालात पहिलं नाव कुणाचं हे मी नंतर वाचेन. सुटले किती आणि तपासणी पार करून टिकले किती, हे दोन आकडे आधी.