बाहुलीचा परकर : शिवणाचा पहिला धडा

चाकण, पिंपरी-चिंचवडच्या पट्ट्यात आता कित्येक शेतांच्या बांधाला कारखान्याची भिंत लागली आहे. बाजारात तयार बाहुल्याही मिळतात. तरी मायबहिणींनो, आजीच्या जुन्या लुगड्याचा तुकडा फेकू नका. त्यावर मुलगी, आणि मुलगाही, सुई धरायला शिकेल. पुढे उसवलेला सदरा किंवा फाटलेले पोते शिवताना हाच हात कामी येईल.

बाहुलीची कंबर ६ इंच असेल तर कापड १८ इंच रुंद व ७ इंच उंच घ्या. तिप्पट रुंदीमुळे चुण्या छान पडतात. नवशिकी मुले नेमक्या मापाला कापतात आणि शिवणीत कापड कमी पडते. पाभर धरण्याआधी आपण ओळींचे अंतर पाहतो, तसे कात्रीआधी माप पाहावे.

सजावट आधी, जोड नंतर. खालची कड १ इंच दुमडून शिवा. कापड सपाट असतानाच त्यावर खणाची पट्टी लावा किंवा साखळीटाका घाला. मग सुलट बाजू समोरासमोर ठेवून बारीक धावदोऱ्याने कडा जोडा. वरचे २ इंच मोकळे सोडा. वरची कड १ इंच आत दुमडून नेफा करा, नाडी ओवा. ५ इंचांचा परकर तयार!

घरात तान्हे मूल असेल तर मणी, टिकल्या लावू नका. सुया मोजून ठेवा.

पहिले टाके वाकडे येतील. ते उसवून आपण सरळ करू नका. पेरणीची पहिली ओळ आपली तरी कुठे सरळ आली होती?