उन्हाळ्यात घरच्या फिश टँकचं पाणी गार कसं ठेवायचं?



नदी-धरणावर जाळं टाकणाऱ्यांच्या घरातसुद्धा आता पोरांच्या हट्टापायी काचेची टाकी आलीय. निपाणी-चिकोडी भागात एप्रिल-मेचं ऊन चढलं की त्यातले मासे वर येऊन तोंडाची उघडझाप करायला लागतात. आपल्याला हे नवं नाही. तळ्यात पहाटे मासा वर आला की काय कमी पडलंय ते आपण ओळखतोच.

पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी मावतो. 20 अंशाला लिटरमागं साधारण 9 मिलिग्रॅम, तर 30 अंशाला साडेसात. आणि माशाला लागतो मात्र जास्त! रोहू-कटलाला 30 अंशाचं काही वाटत नाही, पण गोल्डफिश मूळचा गार पाण्यातला.

सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे खानापूरच्या माठाचा. माठ पाझरतो, वाफ जाते, पाणी गार होतं. तसंच टाकीचं झाकण काढून वर जुन्या जाळ्याचा तुकडा ताणून बांधा (मासा उडी मारतो), आणि छोटा पंखा पाण्यावर तिरका लावा. एक लिटर पाणी वाफ होताना जेवढी उष्णता नेतं, तेवढ्यात 100 लिटर पाणी साडेपाच अंश उतरावं. खोलीची गरमी परत आत शिरते, म्हणून हाती दोन-तीन अंशच लागतात. तेवढे पुरतात. वळीव पडून हवा दमट झाली की मात्र पंख्याचा गुण कमी येतो.

बर्फाचे खडे टाकीत टाकू नका. बीज सोडताना पिशवी आधी पाण्यावर तरंगत ठेवतो ना, ते ह्याच कारणासाठी. एकदम फरक मासा सोसत नाही. अगदीच गरज पडली तर गोठवलेली बंद बाटली तरंगत ठेवा, एका वेळी एकच. दुपारी टाकीचा दिवा बंद, खाद्य निम्मं. नळाचं पाणी रात्रभर उघडं ठेवूनच घाला. लाईट गेली तर तांब्यानं पाणी उचलून उंचावरून परत टाकीत ओतत राहा.

आता खरं बोलायचं ते. कंटाळून टाकीतले मासे तळ्यात, वेदगंगेत सोडणारे लोक आहेत. त्यात तो काळा सकर असतो. अंगावर हाडाचं कवच, परांना काटे, जाळ्यात अडकला की जाळं फाडूनच निघतो, आणि बाजारात त्याला कोण विचारत नाही. हवा गिळून जगतो, त्यामुळं कमी प्राणवायूतही मरत नाही. उजनीच्या मच्छिमारांनी त्याचा त्रास भोगलाय. वेदगंगा दूधगंगेला मिळते, दूधगंगा कृष्णेला. एकदा सुटला की मग कुठं कुठं शोधणार?

टाकी सांभाळणं होत नसेल तर मासे दुकानदाराला परत द्या, नाहीतर शेजारच्या टाकीत. मेलेला मासाही परसात झाडाच्या मुळाशी पुरा, ओढ्यात टाकू नका.