नामफलकाचे मोल : वनस्पती उद्यान आणि समाज

रम्य बाग आणि वनस्पती उद्यान यांत मूलभूत अंतर आहे. बागेत झाड शोभेसाठी वा सावलीसाठी लावले जाते. वनस्पती उद्यानात ते ओळखीसह लावले जाते. ते कोठून आणले, केव्हा लावले, त्याचे शास्त्रीय नाव काय, याची नोंदवहीत नोंद असते आणि तिचे सार झाडाजवळच्या नामफलकावर असते. हा फलक सामान्यतः दुर्लक्षित राहतो. परंतु वनस्पती उद्यानाचे खरे बळ त्यातच आहे, असे प्रस्तुत लेखात मांडावयाचे आहे.

अशा उद्यानांचा उगमच अचूक ओळखीच्या गरजेतून झाला. इटलीतील पादुआ येथे १५४५ मध्ये विद्यापीठाचे उद्यान स्थापन झाले, ते वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना औषधी वनस्पती प्रत्यक्ष पाहून ओळखता याव्यात म्हणून. ही गरज आजही संपलेली नाही. आपल्याकडे रस्त्याकडेला उभ्या सरळसोट, लांब पानांच्या झाडाला सर्रास ‘अशोक’ म्हटले जाते. वस्तुतः तो आसुपालव होय. आयुर्वेदाने स्त्रीरोगांवर सांगितलेली साल केशरी-तांबड्या फुलांच्या गुच्छांनी बहरणाऱ्या सीताअशोकाची आहे. बाजारात मात्र खऱ्या सालीत आसुपालवाच्या सालीची भेसळ आढळते. नावाची चूक केवळ शब्दाची राहत नाही. ती औषधापर्यंत पोहोचते.

महाराष्ट्रापुरते पाहावयाचे, तर मुंबईच्या भायखळ्यातील राणीच्या बागेचा इतिहास या दृष्टीने बोधप्रद आहे. पश्चिम भारताच्या कृषी व उद्यानविद्या संस्थेने उभारलेली ही बाग १९ नोव्हेंबर १८६२ रोजी लेडी फ्रिअर यांच्या हस्ते खुली झाली. १८७३ मध्ये तिची व्यवस्था नगरपालिकेकडे गेली आणि १८९० च्या सुमारास तेथे प्राणिसंग्रहालयाची भर पडली. आज वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान या नावाने ती ओळखली जाते. लोक पिढ्यान्‌पिढ्या तेथे वाघ, हत्ती पाहावयास गेले. ज्या झाडांच्या छायेतून ते चालले, त्यांची नावे मात्र फार थोड्यांना ठाऊक होती.

त्यांपैकी दोन झाडांचाच विचार करू. कैलासपती हे मूळचे दक्षिण अमेरिकेतील. त्याची फुले फांद्यांच्या टोकांना न येता थेट खोडावर येतात. फुलातील पुंकेसरांचा एक भाग फणीसारखा वाकून मध्यभागावर छत्र धरतो. शिवलिंगावरील नागफणीचा भास होतो, म्हणून हे नाव. या छत्रातील पराग प्रजननक्षम नसतात, ते मधमाश्यांचे खाद्य होय. बीजधारणेला उपयोगी पराग खालच्या वलयात असतात आणि खाद्य गोळा करताना ते माशीच्या पाठीला लागतात. दुसरे झाड गोरखचिंच. हिचे अवाढव्य खोड पाणी साठवते, फुले रात्री उमलतात आणि परागीभवनास वटवाघळांचे साह्य होते. मध्य प्रदेशातील मांडू येथे हीच फळे ‘खुरासानी इमली’ म्हणून विकली जातात. झाड मात्र खुरासानचे नाही, आफ्रिकेचे आहे! लोकनाव आठवण जपते, पण मूळ ठिकाणाविषयी चकवूही शकते. म्हणूनच फलकावर लोकनामाबरोबर शास्त्रीय नाव हवे.

या ज्ञानाची कसोटी २००७ नंतर लागली. प्राणिसंग्रहालयाच्या आधुनिकीकरणाची भव्य योजना पुढे आली, तेव्हा जुन्या वृक्षसंपदेचे काय होणार, या चिंतेने काही नागरिक एकत्र आले. त्यांनी घोषणा दिल्याच. पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे बागेतील वृक्षांची ओळख पटवून नोंदी केल्या आणि लोकांना वृक्षपरिचयाच्या फेऱ्यांतून ती झाडे दाखविली. ती योजना मूळ स्वरूपात अमलात आली नाही. पुढे सुधारित आराखड्यानुसार काम झाले. ‘झाडे वाचवा’ या मोघम आवाहनापेक्षा ‘हा अमुक जातीचा वृक्ष, येथे उभा आहे’ हे विधान अधिक समर्थ ठरते. निनावी झाड तोडणे सोपे असते.

लोकांशी असे नाते जोडण्याचे मार्ग अनेक आहेत. पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमधील जानेवारीतील पुष्पप्रदर्शन सहकुटुंब पाहणाऱ्यांचे आकर्षण असते. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पती उद्यानात दुर्मीळ कंदीलपुष्पांसारख्या वनस्पतींचे संवर्धन झाले आहे. सह्याद्रीच्या कड्यांवर वाढणाऱ्या या नाजूक वेलींचे कंद खाण्यासाठी खणले जातात, चराईचाही त्यांना उपद्रव होतो. उद्यानात रोपे वाढवून ती पुन्हा निसर्गात रुजविणे हा त्यावरील उपाय. जातीची नेमकी ओळख नसेल, तर यातील पहिले पाऊलही पडणार नाही.

मंडीदीपला असे उद्यान नाही, परंतु त्याची सामग्री भोवताली विपुल आहे. कारखान्यांची वस्ती ओलांडली की विंध्याच्या रांगांत आणि रातापाणीच्या अरण्यात साग, पळस, मोह, धावडा, टेंभुर्णी भेटतात. जवळच्याच भीमबेटकाची चित्रांकित शैलाश्रये १९५७ मध्ये विष्णु श्रीधर वाकणकर यांनी अभ्यासकांच्या दृष्टीस आणली. तेथील चित्रे पाहावयास जाणाऱ्या विद्यार्थ्यांनी सभोवतालचे वृक्षही पाहावेत. येथील मराठी घरांतील मुलांना तर आणखी एक लाभ आहे : घरी जी टेंभुर्णी, ती शेजाऱ्यांच्या हिंदीत तेंदू, घरचा पळस शेजारी ढाक वा टेसू.

शाळेच्या आवारापासून आरंभ करता येईल. प्रत्येक झाडाला क्रमांक द्यावा. मराठी, हिंदी व शास्त्रीय नावांचा फलक लावावा, तो मात्र खोडावर खिळा न ठोकता शेजारी खुंटीवर. एका वहीत पानगळ, फूल व फळ यांच्या तारखा दर वर्षी लिहाव्यात. ओळख खात्रीची नसेल तेथे जागा रिकामी ठेवावी आणि जाणकारास विचारून मगच भरावी. पळस फुलला की पहिली तारीख लिहिता येईल. दहा वर्षांनी त्या वहीत ऋतूंचा जो लेखाजोखा जमेल, तो दुसऱ्या कोणत्याही ग्रंथात मिळणार नाही.